उतारवयातला हृदयविकाराचा झटका आणि रक्तातली साखर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासष्टी ओलांडलेला माणूस छातीत दुखते म्हणून विदर्भातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात येतो, तेव्हा ईसीजी निघत असतानाच परिचारिका त्याच्या बोटाला सुई टोचून साखर पाहते आणि तो आकडा केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. त्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, नागपूर किंवा सेवाग्रामला हलवण्याची घाई, गाडी आणि पैशांची जुळवाजुळव यांत तो आकडा मागे पडतो. रुग्ण घरी परतल्यावर कोणी तो पुन्हा वाचतही नाही. माझ्या मते हे मोठे नुकसान आहे, म्हणून नातेवाईक जे प्रश्न नेहमी विचारतात त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात, म्हणजे आपल्याकडच्या यंत्रावर दिसतात तसेच आहेत.

आमच्या बाबांना कधीच शुगर नव्हती. मग अटॅकच्या दिवशी २३० कशी आली?

याची दोन प्रमुख कारणे असू शकतात आणि पुष्कळदा ती एकत्रच असतात. पहिले असे की हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की शरीर संकटात सापडल्याप्रमाणे वागते. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके उसळतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि त्याच वेळी इन्सुलिनचा परिणामही मंदावतो, त्यामुळे मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर काही तासांत बरीच चढते. दुसरे कारण असे की बाबांना मधुमेह आधीपासून होता, पण तो कोणी तपासला नव्हता. ‘कधीच शुगर नव्हती’ याचा अर्थ आपल्याकडे बहुधा ‘कधीच तपासली नव्हती’ असा निघतो. नातेवाइकांना मी शेवटची तपासणी केव्हा झाली असे विचारतो, तेव्हा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वी, असे उत्तर अनेकदा मिळते. त्या दिवशीच्या एका आकड्यावरून या दोन कारणांतले कोणते, हे ठरवता येत नाही. ते पुढच्या तपासण्यांवरून कळते, त्याबद्दल खाली लिहिले आहे.

ताणामुळे वाढलेली साखर आपोआप उतरते. मग तिची एवढी काळजी कशासाठी?

कारण त्या पहिल्या आकड्याचा पुढच्या महिन्याभरातल्या जिवाच्या धोक्याशी जवळचा संबंध दिसून आला आहे. अमेरिकेत १९९४ ते १९९६ या काळात हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झालेल्या १,४१,६८० वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाचे निदान नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांची दाखल होतानाची साखर ११० किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यातले १० टक्के ३० दिवसांच्या आत दगावले. ज्यांची साखर २४० च्या वर होती, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. वय, झटक्याची तीव्रता, इतर आजार हे सगळे हिशेबात धरल्यावर हा फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. साखर जितकी जास्त तितका धोका जास्त, असा चढता क्रम तरीही राहिला.

हे आकडे परदेशातले आणि तीस वर्षांपूर्वीच्या उपचारांच्या काळातले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे आपल्या गावातल्या रुग्णाला लावू नयेत. आज गुठळी विरघळवणारी औषधे आणि अँजिओप्लास्टी त्या काळापेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचतात. इशारा मात्र तोच आहे.

झटक्याच्या दिवशी साखर फार चढली तर ज्याला शुगर आहे त्याच्यापेक्षा ज्याला नाही त्याला धोका जास्त, हे उलटेच नाही का?

वरवर तसे वाटते खरे. त्याच अभ्यासात मधुमेहाचे निदान आधीच झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण साखरेनुसार १६ पासून २४ टक्क्यांपर्यंत गेले, म्हणजे चढ कमी होता. पण सुरुवातच १६ पासून आहे हे विसरू नये. साखर ताब्यात असलेला मधुमेही रुग्णही साखर ताब्यात असलेल्या बिनमधुमेही रुग्णापेक्षा जास्त धोक्यात होता. मधुमेह असणे हे संरक्षण आहे असा अर्थ कोणी काढू नये.

मधुमेही माणसाची साखर एरवीही २०० च्या घरात असू शकते, तेव्हा झटक्याच्या दिवशीचे २४० त्याच्यासाठी फार मोठी उडी नसते. ज्याची साखर रोज ९५ असते ती एकदम २४० वर जाते, तेव्हा शरीराला बसलेला तडाखा फार मोठा असतो, आणि २४० चा आकडा हा त्याचाच माग असतो. याशिवाय एक गोष्ट मनाला लागते : २४० च्या वर साखर असूनही मधुमेहाची नोंद नसलेल्यांपैकी फक्त २२ टक्के रुग्णांना रुग्णालयात इन्सुलिन मिळाले, तर मधुमेहाची नोंद असलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना मिळाले. कागदावर ‘मधुमेह’ हा शब्द नव्हता, म्हणून तोच आकडा डोळ्यांआड झाला. आपल्याकडच्या केसपेपरच्या कोपऱ्यातही हेच घडताना मी पाहतो.

साखरेमुळे हृदयाचे नुकसान होते की नुकसान झाल्यामुळे साखर वाढते?

दोन्ही गोष्टींना आधार आहे. झटका मोठा असेल तर साखर जास्त चढते, म्हणजे ती नुकसानीची खूण ठरते. उलट रक्तात साखर फार असेल तर रक्तबिंबिका (प्लेटलेट) अधिक चिकट होतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे काम बिघडते, सूज वाढते आणि मुख्य वाहिनी उघडल्यावरही बारीक वाहिन्यांतून रक्त नीट झिरपत नाही. यातले किती टक्के खूण आणि किती टक्के कारण, हे एका रुग्णाच्या बाबतीत वेगळे काढता येत नाही. पण साखर उतरवल्याने फायदा होईल का, या खालच्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

मग इन्सुलिन देऊन साखर लगेच ९०-१०० वर का आणत नाहीत?

कारण तसे करून पाहिले गेले आणि ते रुग्णांना मानवले नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासात १९९५ मध्ये झटक्याच्या मधुमेही रुग्णांना इन्सुलिनचा फायदा झाल्याचे दिसले होते, त्यामुळे आशा वाढली. पण त्याच गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. पुढे २००९ मध्ये निरनिराळ्या आजारांसाठी अतिदक्षता विभागात असलेल्या ६,१०४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात ज्यांची साखर ८१ ते १०८ अशी काटेकोर ठेवली होती त्यांच्यातले २७.५ टक्के, आणि ज्यांची १८० पर्यंत चालवून घेतली होती त्यांच्यातले २४.९ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. काटेकोर गटात साखर फार खाली जाण्याचे प्रसंगही कितीतरी जास्त घडले.

म्हणून आता साखर १८० च्या वर टिकून राहिली तर इन्सुलिन सुरू करावे आणि ती १४० ते १८० यांच्या दरम्यान ठेवावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. ‘शुगर अजून १६० आहे, डॉक्टर लक्षच देत नाहीत’ ही तक्रार वॉर्डात रोज ऐकू येते. त्या खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसासाठी १६० हाच योग्य आकडा आहे, हे नातेवाइकांनी जाणून घेतले तर त्यांचा जीव थोडा शांत होईल.

साखर कमी होणे म्हातारपणी इतके धोक्याचे का मानतात?

साखर ७० च्या खाली गेली की शरीर पुन्हा तीच अ‍ॅड्रिनलिनची घंटा वाजवते, आणि नुकत्याच जखमी झालेल्या हृदयाला ती सोसत नाही. ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. तरुण माणसाला हातांची थरथर, धडधड, भूक यांवरून साखर उतरल्याचे कळते. वयस्कर माणसात या खुणा मंद असतात. त्यातच झटक्यानंतर दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली, ठोके मंद करणारी गोळी धडधड आणि थरथर झाकून टाकते. घाम मात्र त्या गोळीने झाकला जात नाही, म्हणून पहाटे आजीची मान आणि पाठ ओलीचिंब लागली, ती असंबद्ध बोलू लागली किंवा नेहमीच्या माणसाला ओळखेना, तर ‘वय झाले, चळ लागला’ असे म्हणून पांघरूण घालू नये. आधी साखर पाहावी. यंत्र नसेल तर साखर कमी आहे असे समजूनच वागावे.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सपाट तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर वर आली की भाकर किंवा पोळीचा तुकडा खायला द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा साखर घालू नये. ती श्वासनलिकेत जाते. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आणि शुद्धीवर आलेल्या माणसालाही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळीचा असर मूत्रपिंड थकलेल्या म्हाताऱ्या शरीरात लांबतो आणि साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.

आईच्या छातीत दुखलेच नाही. तरी डॉक्टर अटॅक म्हणतात, हे कसे?

जुन्या मधुमेहात वेदना वाहून नेणाऱ्या नसा बधिर होतात, आणि वय वाढले की तसेही झटक्याचे रूप बदलते. वृद्ध व्यक्तीत, विशेषतः स्त्रियांत, अचानक लागलेली धाप, थंड घाम, मळमळ, जबड्यात किंवा दोन्ही खांद्यांत अवघडलेपणा, उठवत नाही असा थकवा, एवढेच दिसू शकते. यातल्या बऱ्याच गोष्टी घरात ‘गॅस’ या एका शब्दाखाली जमा होतात. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाला अचानक धाप आणि घाम आला तर ओवा-सोडा देऊन सकाळ होण्याची वाट पाहू नये. ईसीजी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात निघतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या १२ तासांतच उपयोगाचे असते आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. धारणी किंवा भामरागडसारख्या तालुक्यांतून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा रस्ताच कित्येक तासांचा आहे, म्हणून आपल्याकडे पहिला ईसीजी जिथे लवकर निघेल तिथे आधी जावे.

जाण्याआधी गावातल्या डॉक्टरांकडून एक सलाईन लावून घ्यावे का? ताकद राहील.

कृपया असे करू नये. गावात ‘ताकदीचे’ म्हणून लावले जाणारे सलाईन पुष्कळदा ५ टक्के डेक्स्ट्रोजचे असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. आधीच २५० साखर असलेल्या माणसाच्या शिरेत ती सरळ उतरते. शिवाय थकलेल्या हृदयाला ते जास्तीचे पाणी पेलत नाही आणि फुप्फुसात पाणी भरू शकते. आणि तास जातो तो वेगळाच. लावलेच असेल तर कोणते सलाईन, किती आणि किती वाजता, हे पुढच्या डॉक्टरांना सांगावे, नाहीतर दाखल होतानाच्या साखरेचा अर्थ चुकीचा लावला जाईल.

बोटावरची तपासणी चुकू शकते का?

चुकू शकते, आणि आपल्या भागात तिचे एक नेमके कारण आहे. संत्र्याचा हंगाम असतो, भेटायला आलेल्याने फोडी सोलून दिलेल्या असतात, रुग्णाच्या बोटांना रस लागून वाळलेला असतो, आणि त्याच बोटाला सुई टोचली जाते. बोटावर वाळलेली फळातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि यंत्र खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आकडा दाखवते. गुळाच्या खड्याचेही तसेच. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हा थर पूर्ण निघत नाही. बोट साबणपाण्याने धुऊन, कोरडे करून मगच टोचावे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात उघड्या डबीत पडलेल्या यंत्राच्या पट्ट्याही खराब होतात. रक्तदाब फार उतरलेला असेल आणि हातपाय थंड पडले असतील तर बोटाच्या रक्तावर भरवसा न ठेवता शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते.

घरी आल्यावर खरी शुगर आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

स्वीडनमधल्याच, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटका आलेल्या आणि मधुमेहाची नोंद नसलेल्या १८१ रुग्णांना ग्लुकोज पाजून तपासले, तेव्हा रुग्णालयातून जाताना ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावरही तो २५ टक्क्यांत कायम होता. आणखी ४० टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे तिघांपैकी जवळजवळ दोघांची साखर बिघडलेली होती आणि त्यांना ते माहीतच नव्हते. यासाठी दोन टप्प्यांत तपासणी करावी : रुग्णालयात असतानाच एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, आणि दोन-तीन महिन्यांनी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर. एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली, तर मधुमेह धरला जातो. एकाच चाचणीवर न थांबता हे निदान दुसऱ्या चाचणीने पक्के करतात.

येथे पूर्व विदर्भासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत अनेक कुटुंबांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे त्यांना साखर चिकटायला पुरेसा काळच मिळत नाही आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा कमी येते. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही ही चाचणी फसवते, तर लोहाच्या कमतरतेमुळे ती उगाच जास्त दिसू शकते. केवळ वाहक असणाऱ्यांतही काही पद्धतींनी आकडा चुकतो. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, कोणाकडे सिकलसेलचे लाल किंवा पिवळे कार्ड असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि निदान उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या साखरेवरच करण्याची विनंती करावी.

एकदा शुगर ठरली की म्हाताऱ्या माणसाची ती किती ठेवावी?

चालता-फिरता, इतर आजार फारसे नसलेला वृद्ध असेल तर एचबीएवनसी ७ ते ७.५ च्या आसपास. झटका येऊन गेलेला, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर झालेले, विसरभोळेपणा आलेला असेल तर ८ पर्यंत चालते. अमेरिका आणि कॅनडात १०,२५१ मधुमेही रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्याचा जोरदार प्रयत्न केलेल्या गटात मृत्यू वाढले, म्हणून ते उपचार २००८ मध्ये ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावे लागले. शेजारच्या काकांची साखर ११० असते म्हणून आपल्या बाबांचीही तेवढीच हवी, असा हट्ट धरू नये.

गोळ्यांबद्दल काय लक्षात ठेवावे?

अँजिओग्राफी ठरली असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू आहे हे आधी सांगावे; मूत्रपिंड कमजोर असल्यास ती काही दिवस थांबवतात. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी शरीरात पाणी साठवते, म्हणून हृदय अशक्त झालेल्यांना ती देत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि अशक्त हृदयाला त्यांचा चांगला आधार मिळतो, पण उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले जाते तेव्हा किंवा जुलाब-उलट्या सुरू असताना त्या तात्पुरत्या थांबवाव्यात की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी साखर सुधारली म्हणून बंद करायची नसते.

फ्रीज नाही. इन्सुलिन उन्हाळ्यात कसे ठेवावे?

उघडलेली बाटली सावलीत, साधारण ३० अंशांखाली राहिली तर चार आठवडे चालते. आपला मे ४५ अंशांचा असतो, तेव्हा मातीची दोन भांडी वापरावी : मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात लहान मडके बसवावे, बाटली कोरड्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी. माठाच्या पाण्यात बाटली बुडवू नये आणि बर्फाला चिकटवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

खाण्यात काय बदलावे?

ज्वारीची भाकर चालते, पण तीन भाकरींच्या जागी दीड आणि सोबत तुरीचे वरण, पालेभाजी वाढवावी. भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळा भात असतो. तो एका वेळेला आणि मोजून घ्यावा. उपवासाचा साबुदाणा साखर झपाट्याने चढवतो, आणि कडक उपवासात मधुमेहाची गोळी घेतली तर साखर तितक्याच झपाट्याने उतरते, त्यामुळे एकादशी किंवा श्रावणी सोमवार धरायचा असेल तर आदल्या दिवशी गोळीचे विचारून घ्यावे. झटका येऊन गेल्यावर खर्रा मात्र थोडाही चालत नाही. त्यातला तंबाखू रक्तवाहिन्या आकसवतो, आणि ‘मी बिडी ओढत नाही’ हे त्यावरचे उत्तर होत नाही.

खर्चाची सोय आहे का?

सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. आधार कार्ड आणि रेशन कार्ड औषधांच्या पिशवीतच ठेवावे.

डिस्चार्ज कार्डावर पहिल्या दिवशीची साखर लिहिलेलीच नाही. आता काय करावे?

पहिल्यांदा जिथे दाखल केले त्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन केसपेपरची नक्कल मागावी. तो आकडा बहुतेक वेळा ईसीजीच्या पट्टीवर किंवा रेफरच्या चिठ्ठीवर सापडतो. ईसीजीचा उष्णतेने छापलेला कागद उन्हाळ्यात खुंटीला टांगलेल्या पिशवीत वर्षभरात पांढराफटक पडतो, म्हणून त्याचा फोटो आजच काढावा. तारीख, वेळ, साखर, त्याआधी काय खाल्ले आणि कोणते सलाईन लागले, हे एका ओळीत कार्डाच्या मागे शाईने लिहावे. गावात आशाताई साखर तपासायला येतील तेव्हा ती ओळ त्यांना दाखवावी, आणि दोन-तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचा आकडा त्याच ओळीखाली लिहून घ्यावा.